अचानक उठलेली पोटदुखी आणि सीटी स्कॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विदर्भातील तालुक्यांच्या गावांतून फोनवर, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत आणि स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. उत्तरे लिहिणारा रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे दिवसभर हीच चित्रे वाचणारा. येथे फक्त काही तासांच्या किंवा दोन-चार दिवसांच्या पोटदुखीचा विचार केला आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या दुखण्याची वाट निराळी असते.

१. पोटात अचानक जोराची कळ उठली, तर सरळ सीटी स्कॅन करून घ्यावा का?

नाही, आधी डॉक्टरांचा हात पोटावर पडला पाहिजे. दुखणे कोठे सुरू झाले आणि कोठे सरकले, आधी कळ आली की आधी उलटी झाली, शेवटचा वारा कधी सरला, पाळी कधी आली होती, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढची तपासणी ठरते, आणि सीटी करायचा ठरला तर तो कोणत्या पद्धतीने करायचा हेही त्यावरूनच ठरते. माझ्याकडे येणाऱ्या काही चिठ्ठ्यांवर नुसते ‘पोटदुखी, सीटी करावा’ एवढेच लिहिलेले असते, तर काहींवर ‘काल दुपारी बेंबीभोवती कळ, रात्रीपासून उजवीकडे खाली, दोन उलट्या, ताप’ असे असते. दुसरी चिठ्ठी हातात असली की मी अपेंडिक्सपासून सुरुवात करतो. पहिली असली की शेकडो चित्रांत काय शोधायचे हेच मला आधी रुग्णाच्या नातेवाइकांना विचारावे लागते. जुलाब, आम्लपित्त, बाधलेले अन्न यांमुळे होणाऱ्या बहुतेक पोटदुखीत स्कॅनची गरजच पडत नाही.

२. सीटी स्कॅन म्हणजे नेमके काय? एमआरआयसारखे नळीत घालतात का?

सीटी म्हणजे क्ष-किरणांनीच काढलेली, पण पोटाच्या आडव्या चकत्या दाखवणारी चित्रे. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि प्रत्येक कोनातून किती किरण पलीकडे पोचले याच्या हिशेबावरून संगणक काकडीच्या पातळ चकत्यांसारखी चित्रे रचतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या ब्रिटिश अभियंत्याच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याच नावाच्या मोजपट्टीत पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते; म्हणून आतड्याबाहेर निसटलेला हवेचा मुगाएवढा बुडबुडाही सीटीत काळाभोर उठून दिसतो.

यंत्र मोठ्या कड्यासारखे असते, लांब बोगद्यासारखे नसते. एमआरआयसारखा ठोकल्याचा आवाज नाही, आणि पेसमेकर किंवा हाडातला रॉड असला तरी स्कॅन करता येतो. श्वास रोखून धरायचा वेळ दहा-पंधरा सेकंदांचा. टेबलावर चढण्यापासून उतरण्यापर्यंत पाऊण तासाच्या आत काम आटोपते.

३. तालुक्याला सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, तरी डॉक्टर सीटी सांगतात. हा पैसे काढायचा प्रकार तर नाही?

कधी तसाही असू शकतो, हे नाकारत नाही; पण बहुतेक वेळा कारण खरे असते. सोनोग्राफीचा ध्वनी हवेतून आरपार जात नाही, आणि आतडे अडकलेल्या किंवा फुगलेल्या पोटात हवाच हवा असते. त्यामुळे आतड्यामागचे अपेंडिक्स, स्वादुपिंड, मोठ्या रक्तवाहिन्या हे सगळे झाकले जाते. रुग्ण जाड असेल, किंवा दुखण्यामुळे पोटावर प्रोब दाबू देत नसेल, तर आणखी अडचण होते. अशा वेळी रिपोर्टात ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असे लिहिलेले असते, आणि घरी मात्र ‘अपेंडिक्स नाही म्हणाले’ असे सांगितले जाते. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट पूर्ण वाचून घ्यावा, नुसती शेवटची ओळ वाचू नये.

उलट काही दुखण्यांत सोनोग्राफीच वरचढ ठरते. पित्ताशयातील खड्यांचे बरेच प्रकार सीटीत दिसतच नाहीत, कारण त्यांची घनता पित्ताएवढीच असते. अंडाशयाला पीळ पडला असल्यास किंवा पोट लहान मुलाचे असल्यास (प्रश्न १२) पहिली तपासणी सोनोग्राफीच.

४. कोणत्या आजारात सीटीचा खरा उपयोग होतो?

पहिला मान अपेंडिक्सचा. सीटीत अपेंडिक्स सहा मिलिमीटरपेक्षा जाड, भोवतीची चरबी धुरकट आणि कधी आत अडकलेला विष्ठेचा खडा असे दिसते, आणि ते फुटून पू साठला असल्यास शल्यचिकित्सकाला आधीच सावध करता येते. दुसरा मान आतडे अडकण्याचा: जुन्या ऑपरेशनच्या जागी पडलेल्या चिकट पट्ट्यामुळे, हर्नियामुळे किंवा गाठीमुळे आतडे नेमके कोठे अडले, ती जागा सीटी दाखवतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या भागाचा रक्तपुरवठा शाबूत आहे की नाही हे सांगतो. सलाइन लावून थांबता येईल की आजच पोट उघडावे लागेल, हा निर्णय बऱ्याच अंशी त्या एका गोष्टीवर अवलंबून असतो.

मुतखड्यासाठी काँट्रास्टविना, कमी किरणांत केलेला सीटी पुरतो, आणि साध्या क्ष-किरणात न दिसणारे युरिक आम्लाचे खडेही त्यात दिसतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात, चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की कमरेतून जांघेकडे सरकणारी कळ घेऊन येणाऱ्यांची रांगच लागते. दिवसभर तेंदूपत्ता तोडायचा आणि पाणी मात्र एक बाटली, असा त्यांचा दिवस असतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडून जातो, म्हणून खड्याचे माप रिपोर्टात पाहावे.

येथे एक अपवाद ठळकपणे सांगतो. साठी ओलांडलेल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ‘मुतखड्याची’ कळ आली आणि सोबत घेरीही आली, तर महाधमनीचा फुगा फुटलेला असू शकतो. अशा रुग्णाला मुतखड्याचे औषध देऊन घरी पाठवू नये.

आतड्याचा क्षय हा आपल्या भागातला आणखी एक फसवा आजार आहे. तो बहुधा उजव्या बाजूला खाली बसतो, अपेंडिक्सची नक्कल करतो, आणि सीटीत आतड्याची जाड भिंत आणि मध्ये कुजलेल्या गाठी दिसल्या की शंका पक्की होते. तरीही सीटी क्षय ‘सिद्ध’ करत नाही. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा आणि त्याची तपासणी लागतेच.

५. अपेंडिक्सचे दुखणे दुखायचे थांबले, मग स्कॅन कशाला?

दुखणे एकाएकी थांबणे ही नेहमीच चांगली बातमी नसते. फुगलेले अपेंडिक्स फुटले की आतला ताण जातो, काही तास आराम वाटतो, आणि मग सगळे पोट दुखायला लागते. ताप आणि नाडीचा वेग उतरला नसेल तर त्या आरामावर विसंबू नये.

६. कोणत्या लक्षणांत सीटीचीही वाट पाहू नये? आणि रुग्णाला न्यायचे कोठे?

पोट लाकडासारखे कडक झाले असेल, हात लावू देत नसेल, रक्तदाब खाली आला असेल, रुग्ण गार पडून घामाघूम झाला असेल, किंवा उलटीतून वा शौचातून रक्त जात असेल, तर सलाइन, रक्त आणि शल्यचिकित्सक यांचा क्रम सीटीच्या आधी लागतो. रक्तदाब न सावरलेल्या रुग्णाला स्कॅनच्या टेबलावर चढवणे धोक्याचे असते, कारण तेथे काही मिनिटे त्याच्याजवळ कोणीच उभे राहू शकत नाही. आतड्याला छिद्र पडले असल्यास उभ्याने काढलेल्या छातीच्या साध्या क्ष-किरणातही छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली हवेची काळी चंद्रकोर पुष्कळदा दिसते, आणि तेवढ्यावर ऑपरेशन ठरवता येते.

‘कोठे न्यायचे’ हा माझ्या मते या साऱ्या यादीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. जेथे फक्त यंत्र आहे तेथे आधी जाऊन, स्कॅन करून, फिल्म घेऊन मग शल्यचिकित्सक शोधत फिरणे हा क्रम उलटा आहे. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, धारणीहून अमरावतीला घाट उतरून यावे लागते. अशा प्रवासात एक थांबा वाढला की तीन-चार तास जातात. जेथे रात्री भूल देणारे डॉक्टर, शल्यचिकित्सक आणि रक्तपेढी आहे, तेथेच सरळ जावे; अशा ठिकाणी सीटीचे यंत्र बहुधा असतेच. नागपूरचे मेडिकल आणि मेयो, सेवाग्राम, सावंगी, तसेच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर व गोंदिया येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये अशा ठिकाणांत मोडतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइन आणि इंजेक्शन लागले असल्यास काय दिले आणि किती वाजता दिले, हे कागदावर लिहून घ्यावे.

७. दुखणे थांबवायचे इंजेक्शन दिले तर निदान चुकते, असे गावात सांगतात. खरे आहे का?

ही समजूत फार जुनी आहे, आणि एके काळी ती डॉक्टरांचीही होती. पुढे झालेल्या अभ्यासांत वेदनाशामक दिल्याने निदान चुकत नसल्याचे दिसून आले. उलट वेदना थोडी उतरलेला रुग्ण पोट नीट तपासू देतो आणि स्कॅनच्या वेळी श्वास रोखून स्थिर पडून राहतो. तळमळणाऱ्या रुग्णाची चित्रे पुसट येतात. मात्र दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी भराभर घेणे वेगळे. त्यांनी जठराला छिद्र पडू शकते आणि आजारी मूत्रपिंडावर ताण येतो. मेळघाटात लहान मुलांच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके देण्याची रीत अजून आढळते. त्याने आतले दुखणे तसेच राहते आणि वर जखम वाढते.

८. ‘प्लेन’ आणि ‘काँट्रास्ट’ यांत काय फरक? काँट्रास्ट जास्त पैशांसाठी सांगतात का?

काँट्रास्ट म्हणजे शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य, मोठ्या माणसाला साधारण ८० ते १०० मिलिलिटर. ते रक्तासोबत पसरते, म्हणून जेथे रक्त पोचते तो भाग उजळतो आणि जेथे पोचत नाही तो काळसर राहतो. आतड्याची मेलेली भिंत, यकृतातील पुवाची गाठ, स्वादुपिंडाचा सडलेला भाग हे सगळे त्यामुळेच ओळखू येते. मुतखड्याला ते लागत नाही. बाकी तीव्र पोटदुखीत काँट्रास्ट टाळून केलेला स्कॅन अर्धवट ठरतो आणि पुष्कळदा पुन्हा करावा लागतो.

द्रव्य आत जाताना घशापासून खाली गरम लाट जाते, तोंडाला धातूसारखी चव येते, आणि लघवी झाली असे वाटते. हे आधी सांगितले नाही, तर माणसे घाबरतात. एक आजोबा स्कॅन संपताच संकोचाने धोतर चाचपू लागले होते, ते कोरडेच होते. ही भावना मिनिटभरात ओसरते.

९. काँट्रास्टची ॲलर्जी होते का? मासे चालत नाहीत म्हणून काँट्रास्टही चालणार नाही का?

माशांच्या ॲलर्जीचा काँट्रास्टशी विशेष संबंध नाही. ती माशांतील प्रथिनांची असते, आयोडीनची नसते. ज्याला पूर्वी काँट्रास्टचीच प्रतिक्रिया आली होती त्याला मात्र धोका वाढतो, आणि दमा असल्यास तोही सांगावा. अंगावर गांधी उठणे, खाज, मळमळ या किरकोळ प्रतिक्रिया अधूनमधून दिसतात. श्वास कोंडणे किंवा रक्तदाब पडणे क्वचितच घडते, पण घडले तर पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून स्कॅननंतर तेवढा वेळ हातातली सुई काढू नये आणि लगेच एसटी पकडायला धावू नये. थायरॉइड वाढून बिघडलेला असल्यास तेही आधी कळवावे.

१०. शुगरची गोळी चालू आहे, किडनीही कमजोर आहे. तरी काँट्रास्ट देता येतो का?

बहुतेकांना देता येतो. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढतात. ती ३० च्या वर असेल तर आजच्या मतानुसार भीती कमी, खाली असेल तर फायदा-तोटा तोलावा लागतो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी मूत्रपिंडाचे काम बरेच घटलेले असल्यास ४८ तास बंद ठेवतात. काही केंद्रे सावधगिरी म्हणून सर्वांनाच बंद ठेवायला सांगतात, आणि दोन दिवस गोळी बंद राहिल्याने काही बिघडत नाही. गोळ्यांची रिकामी पाने सोबत आणावीत. ‘पांढरी, लांबोळी गोळी’ एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही.

एक अपवाद आहे. आतड्याची रक्तवाहिनी बंद पडल्याची शंका असेल, म्हणजे पोट तपासताना मऊ लागते पण रुग्ण असह्य वेदनेने तळमळतो आणि नाडी अनियमित असते, तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबू नये. मूत्रपिंड पुढे सावरता येते. मेलेले आतडे कापावेच लागते.

११. उपाशी राहावे लागते का? एवढ्या किरणांनी कॅन्सर होतो म्हणतात, तेही सांगा.

तातडीच्या स्कॅनसाठी उपाशीपोटाची अट पाळत बसत नाहीत. तरी ऑपरेशनची शक्यता असते, म्हणून दुखणे सुरू झाल्यापासून डॉक्टर सांगेपर्यंत काही खायला देऊ नये. ‘थोडा चहा तरी’ हा आग्रह पुढे भूल देताना नडतो. तासभर पाजायचे तोंडी काँट्रास्टही तातडीच्या वेळी बहुधा लागत नाही.

किरणांचा हिशेब असा. पोट आणि ओटीपोट यांच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किरणोत्सर्ग मिळतो, आणि माती, आकाश व अन्न यांतून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे एक स्कॅन तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढा. त्यातून पुढे कर्करोग होण्याची शक्यता अगदी थोडी वाढते, शून्य मात्र नाही. फुटलेल्या अपेंडिक्सचा धोका तिच्यापुढे कितीतरी मोठा आहे. तरुण माणसाला वर्षात चार वेळा त्याच दुखण्यासाठी त्याच जागेचा सीटी सांगितला जात असेल, तर मात्र ‘का’ असे अवश्य विचारावे.

१२. लहान मुलाच्या पोटदुखीत सीटी करतात का?

शक्यतो नाही; सोनोग्राफी आधी, आणि तिने उलगडा झाला नाही तरच वजनानुसार कमी किरणांचा सीटी. बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन रडत असेल आणि लालसर जेलीसारखी शी करत असेल, तर आतड्यात आतडे शिरलेले असू शकते, आणि ते सोनोग्राफीत चांगले दिसते. मुलाच्या छातीच्या खालच्या भागातला न्यूमोनियाही पोटदुखी म्हणून समोर येतो.

मुलगा आठ-दहा वर्षांचा किंवा वयात येणारा असेल आणि खालचे पोट दुखते म्हणत असेल, तर त्याची चड्डी उतरवून तपासणी झालीच पाहिजे. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो, आणि लाजेपायी मुले फक्त पोटच दाखवतात. येथे सीटीचे काही काम नाही.

१३. पाळी चुकली आहे किंवा गरोदर आहे, तर?

पाळी येण्याच्या वयातील प्रत्येक स्त्रीच्या पोटदुखीत लघवीची गर्भचाचणी आधी करावी, लग्न झाले आहे की नाही याचा विचार न करता. गर्भ नलिकेत राहून ती फुटली असल्यास पोटात रक्त साठते, आणि तेथे सोनोग्राफी आणि ऑपरेशन यांचे काम असते. ठरलेल्या गरोदरपणात सोनोग्राफी, मग शक्य असल्यास काँट्रास्टविना एमआरआय, असा क्रम असतो. तरीही आईचा जीव धोक्यात असेल तर सीटी करतात; ५० मिलिग्रे (शरीरात शोषलेल्या किरणांचे माप) या मात्रेखालील किरणांनी गर्भात व्यंग निर्माण झाल्याचे आढळलेले नाही, आणि पोटाच्या एका सीटीत गर्भाला मिळणारी मात्रा सहसा त्याखालीच राहते. न कळत स्कॅन झाला म्हणून गर्भपात करायचा, असा निर्णय परस्पर घेऊ नये.

अंगावर दूध पाजणाऱ्या आईने काँट्रास्टनंतर दूध बंद करण्याची गरज नाही. दुधात उतरणारा अंश नगण्य असतो.

१४. वडील ७५ वर्षांचे आहेत, फारसे दुखत नाही म्हणतात, तरी डॉक्टर लगेच सीटी सांगतात. का?

कारण वृद्धांच्या पोटात दुखणे कमी आणि आजार मोठा, असे पुष्कळदा घडते. ताप येत नाही, पोट कडक होत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, आणि आत छिद्र पडलेले असते. आयुष्यभर शेतात राबलेली माणसे ‘थोडंसं दुखते’ असे म्हणतात तेव्हा ते थोडेसे नसते. या वयात मी स्वतः सीटीच्या बाजूने लवकर झुकतो.

१५. आमच्याकडे सिकलसेलचा रुग्ण आहे. दर वेळी पोट दुखले की स्कॅन करायचा का?

दर वेळी नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आणि मेळघाटात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्याच्या झटक्यात पोट, पाठ, सांधे एकाच वेळी ठणकतात. ओळखीचाच झटका असेल तर पाणी, सलाइन, वेदनाशामक यांनी तो उतरतो. पण दुखणे नेहमीपेक्षा निराळे असेल, एकाच जागी घर करून बसले असेल, कावीळ वाढली असेल, किंवा लहान मुलाची प्लीहा अचानक मोठी होऊन मूल पांढरे पडले असेल, तर ‘सिकलचेच असेल’ असे म्हणून थांबू नये. या रुग्णांना पित्ताशयात खडे लवकर होतात, आणि त्यासाठी सोनोग्राफी (प्रश्न ३). काँट्रास्ट देता येतो, मात्र शरीरात पाणी भरपूर असले पाहिजे. सिकलसेलचे कार्ड रुग्णाच्या खिशातच ठेवावे.

१६. सीटी पूर्ण नॉर्मल, तरी रुग्ण तळमळतो. असे कोणते आजार असतात?

सीटी पोटाची रचना दाखवतो. रक्तातले विष, हृदयाचा झटका किंवा मज्जातंतूचे दुखणे तो दाखवत नाही. बेंबीच्या वर दुखते आणि घाम येतो, अशा चाळिशीपुढच्या माणसाचा ईसीजी आधी काढावा. मधुमेह हाताबाहेर गेला की रक्तात आम्ल वाढून पोट दुखते. नागिणीचे दुखणे अंगावर फोड येण्याच्या दोन-तीन दिवस आधी पोटाच्या एका बाजूला सुरू होऊ शकते.

आपल्या भागात दोन गोष्टी मुद्दाम विचाराव्या लागतात. एक, फवारणी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे साऱ्यांना आठवत असेल. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, लाळ, घाम आणि बारीक झालेल्या बाहुल्या असे चित्र असते. डब्यावरील कागद सोबत आणला तर उपचार लवकर सुरू होतो.

दुसरी गोष्ट, मण्यार. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दात इतके बारीक की खूण दिसत नाही आणि फारसे दुखतही नाही. पहाटे माणूस पोटात कळ येते म्हणून उठतो, उलटी होते, आणि घरचे रात्रीच्या जेवणाला दोष देतात. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जडावलेल्या पापण्या, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की स्कॅनचा विचार सोडून प्रतिविष आणि श्वासाची व्यवस्था असलेले रुग्णालय गाठावे.

१७. स्वादुपिंडाला सूज आहे म्हणतात, तरी पहिल्या दिवशी सीटी नको म्हणाले. चुकले का?

चुकले नाही. विशिष्ट दुखणे आणि रक्तातील लायपेज हे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य नेहमीच्या तिपटीहून अधिक, एवढ्यावर निदान होते. पहिल्या दिवशीचा सीटी आजार किती गंभीर आहे हे कमीच दाखवतो, कारण ऊती सडल्याचे चित्र साधारण ७२ तासांनी स्पष्ट होते. निदानच अनिश्चित असेल, तर मात्र आधी करतात. कारणांत पित्ताचे खडे आणि दारू ही दोन प्रमुख. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असली तरी हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि खरे उत्तर बहुधा नातेवाईक खोलीबाहेर गेल्यावर मिळते.

१८. फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर दुसरे डॉक्टर सांगू शकतील का? नागपूरला गेल्यावर पुन्हा स्कॅन का करतात?

खिडकीच्या उजेडात धरून काढलेल्या फोटोत खिडकीच्या गजांची सावली चांगली दिसते, अपेंडिक्स दिसत नाही. फिल्मवर शेकडो चित्रांपैकी निवडक चित्रेच छापलेली असतात. स्कॅनची सीडी, किंवा चित्रे पाहण्याची लिंक, केंद्रातून मागून घ्यावी. ती असेल तर पुढच्या रुग्णालयात सगळी चित्रे उघडून वाचता येतात आणि पुन्हा स्कॅनची वेळ कमी येते. तरीही पुन्हा करावाच लागतो तो तीन कारणांनी: आधीचा प्लेन होता, हलल्यामुळे चित्रे पुसट होती, किंवा मध्ये तास उलटून आजार पुढे गेला. यंत्र एका फेरीत किती चकत्या टिपते, सोळा स्लाइस की एकशे अठ्ठावीस, हा प्रश्नही बरेच जण विचारतात. पोटदुखीसाठी सोळा स्लाइसचे यंत्र पुरेसे असते.

१९. खर्चाचे काय? जनआरोग्य योजनेत बसते का?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ती ठरलेल्या उपचारांसाठी, योजनेतील रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णाला लागू होते. खासगी केंद्रात आधीच पैसे भरून केलेल्या स्कॅनची रक्कम परत मिळेल, असे गृहीत धरू नये. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे.

२०. दुखण्याचे कारण सापडले, पण रिपोर्टात ‘सिस्ट’ आणि ‘हिमँजिओमा’ असेही लिहिले आहे. हा कॅन्सर आहे का?

मूत्रपिंडातील साधी पाण्याची पिशवी आणि यकृतातील रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ या गोष्टी स्कॅनमध्ये सहज सापडतात, आणि बहुतेकांना त्यासाठी काहीच करावे लागत नाही. ‘फॅट स्ट्रँडिंग’ म्हणजे सूज आलेल्या अवयवाभोवतीची धुरकट चरबी, ‘फ्री फ्लुइड’ म्हणजे अवयवांबाहेर साठलेला द्रव, आणि तरुण मुलांत दिसणाऱ्या ‘मेसेंटेरिक नोड्स’ म्हणजे आतड्याच्या पडद्यातल्या, बऱ्याचदा साध्या संसर्गाने वाढलेल्या गाठी. रिपोर्टाच्या शेवटी ‘पुन्हा तपासणी सुचवली आहे’ असे वाक्य असेल, तर त्यासाठी सांगितलेला महिना कॅलेंडरवर लिहून ठेवावा. ऑपरेशनच्या गडबडीत तेच वाक्य सर्वांत आधी विसरले जाते.